शेषाद्री गारूनं उपरणं बांधलं की

माळेवाडीत कुणालाही विचारा, पिक्चरमधला सगळ्यात मोठा हिरो कोण? बांधावर शेळ्या राखणारी म्हातारीसुद्धा सांगायची, "शेषाद्री गारू! दुसरा कोण?" आता वाडी पडली कडेगाव तालुक्यातली, खालच्या अंगाला ऊस आणि वरच्या अंगाला उघडा माळ. शेषाद्री गारू तेलुगू पिक्चरवाला, गारू म्हणजे आपल्याकडचं 'राव'. तेलुगूतलं एक अक्षर, एक घर सोडलं तर, वाडीत कुणाला कळत नव्हतं आणि गारूचा एकही पिक्चर कुणी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. तरी त्याचे पिक्चर बायकांना तोंडपाठ! ह्याला कारण एकच, रंगुबाई.

रंगुबाई म्हणजे आकाराम गलाईवाल्याची बायको. गलाईवाला म्हणजे सोनाराकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून देणारा. आमच्याकडची निम्मी घरं ह्याच धंद्यापायी देशभर पांगलीत. कुणी कोईमतूरला गेलं, कुणी पंजाबात, कुणी पार आसामात. आकारामच्या नशिबी आंध्रातलं तेनाली आलं. नवी नवरी रंगुबाई पत्र्याची पेटी घेऊन त्याच्यामागं तिथं गेली आणि तिथंच तिची न् शेषाद्री गारूची गाठ पडली. पडद्यावर हो! भलतं काही मनात आणू नका.

गाव परकं, भाषा परकी, नवरा दिवसभर भट्टीपुढं. बोलायचं कुणाशी? शेजारणीनं एक दिवस तिला सकाळच्या खेळाला नेलं. त्या टॉकीजला सकाळी जुने पिक्चर लागायचे आणि जुना पिक्चर म्हटला की शेषाद्री गारू ठरलेला. उंचापुरा गडी, भरघोस मिशी, खांद्यावर पांढरं उपरणं. त्यानं नुसती मान वळवली तरी थेटर शिट्ट्यांनी दणाणायचं. पहिल्या खेपेला रंगुबाईनं तोंडावर पदर घेतला. दुसऱ्या खेपेला काढला. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच शिट्टी मारायला गेली, वाजली नाही ही गोष्ट वेगळी. तेलुगू ती शाळेत शिकली नाही की बाजारात शिकली नाही, गारूकडनं शिकली. त्यामुळं वांग्याचा भाव करतानाही तिचा आवाज असा चढायचा, की जणू भाजीवालीनंच हिच्या बापाचा खून केलाय.

पण एक गोम होती. दुपारी भट्टी विझली की आकाराम घरी यायचा. धगीतनं उठलेला माणूस, त्याला दारात पाऊल टाकल्या टाकल्या ताट पाहिजे. तसं तो तोंडानं कधी बोलला नाही, बोलणाऱ्यातला तो नव्हेच. पण नवरा उपाशी आणि बायको थेटरात, हे रंगुबाईच्या माहेरच्या वळणात बसत नव्हतं. आणि खेळ सुटायची न् भट्टी विझायची वेळ तर एकच! मग तिनं एक खूण धरली. प्रत्येक पिक्चरात शेवटच्या मारामारीआधी गारू खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला करकचून बांधायचा. गारूनं उपरणं बांधलं, की इकडं रंगुबाईनं पदर खोचला. तो गुंडांवर धावून जायचा, ही घराकडं धावत सुटायची.

म्हणजे बघा, इतकी वर्षं बाईनं त्याचे पिक्चर बघितले, काही तर चार-चारदा बघितले, पण शेवट एकाचाही बघितला नाही. मग ती काय करायची? पळता पळता वाटेतच शेवट करून टाकायची. टॉकीजपासून घरापर्यंत जेवढी वाट, तेवढा शेवट. दारात पोचेपर्यंत गारूचं लग्न लागलेलं असायचं, दुष्टाला पश्चात्ताप झालेला असायचा, आणि मग ही घाम पुसत भाताचं पातेलं उतरवायची.

पुढं तेनालीचं दुकान धाकट्या दिराच्या, ज्ञानूच्या, अंगावर टाकून नवराबायको शेतीकडं बघायला वाडीला परत आली. रंगुबाई बायकांच्या टोळीबरोबर उसात भांगलायला जायला लागली. भांगलण म्हणजे बसून सरकत सरकत तण काढायचं, हात गुंतलेले पण तोंड रिकामं. रिकामं तोंड आणि रंगुबाई! पहिल्याच दिवशी तिनं खुरपं तलवारीसारखं फिरवत गारूचा एक पिक्चर सांगितला आणि बायका खुळ्या झाल्या. मग रोज सकाळी सरीला बसायच्या आधी ठराव व्हायचा.

"रंगे, आज कंचा लावतीस?"

"मारामारीचा लावू का रडायचा?"

"आज रडायचा लाव बाई, सासूनं सकाळीच तोंड सोडलंया, रडू आयतंच आलंय!"

सरी संपली की पिक्चर संपायचा. शेवट अर्थातच रंगुबाईचे. तिच्या पिक्चरात कुणी मरत नसे आणि कुणी जेलात जात नसे. सांगून सांगून तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. आपण शेवट बघितलेले नाहीत, हे ती साफ विसरून गेली होती.

टोळीत बायडाबाई होती. रंगुबाईपेक्षा वयानं मोठी, बौद्धवाड्यातल्या धोंडिरामची बायको. तिचा लेक राजरत्न. त्याला ट्रकवर जायचं होतं, बाप म्हणत होता आधी शिक्षण पुरं कर. शब्दानं शब्द वाढला आणि पोरगं पिशवी उचलून जे गेलं ते गेलंच. गुजरातेत कुठंतरी ट्रकवर आहे एवढंच कुणाकडनं तरी कळलं होतं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. बायडाबाईला गारूचा एकच पिक्चर लागायचा. त्यात लेक आईवर रुसून घर सोडतो आणि आई रोज सांजेला त्याचं ताट वाढून ठेवते. शेवटी लेक येतो. आई काही बोलत नाही, नुसतं ताट पुढं सरकवते. तो पाय धुतो, पाटावर बसतो, पहिला घास घेतो आणि म्हणतो, "आई, मीठ कमी पडलंय." आणि ती माउली हसते पण आणि रडते पण, कारण इतकी वर्षं तिच्या जेवणाला नाव ठेवायलासुद्धा घरात कुणी नव्हतं.

हा शेवट ऐकला की बायडाबाई खुरपं खाली ठेवून पदरानं डोळे पुसायची आणि म्हणायची, "मीठ कमी पडलंय म्हणं! द्वाडच हाय!" त्या पिक्चरपायी तिनं घरी राजरत्नचं ताट वाढून ठेवायला सुरुवात केली होती. सकाळी ते शिळं धोंडिराम खायचा आणि कुरकुरायचा. खायचा मात्र निमूट.

त्र्याण्णवच्या दिवाळीला ज्ञानू तेनालीहून आला तो खांद्याला एक भलीमोठी पिशवी लावून. घराच्या पुढच्या सोप्यात ओतली तर नुसत्या कॅसेटी!

"वयनी, तुमच्या गारूचं जुनं पिक्चर. सगळं हुडकून आणलं. ही तुमची भाऊबीज!"

रंगुबाईनं किंकाळी फोडली. आकाराम गोठ्यातनं धावत आला, त्याला वाटलं इंचू चावला. बाई कॅसेटी छातीशी धरून गिरक्या घेत होती. एकेका कॅसेटीवरचा गारूचा मिशीवाला फोटो बघून "अगं बया बया, ह्यो बी हाय! आणि ह्यो बी!" चाललं होतं. ज्ञानूला चहा द्यायचं भान राहिलं नाही. तो बिचारा करंजी खाऊन आपल्या सासुरवाडीला, इस्लामपूरला, निघून गेला.

वाडीत दवंडी द्यायची गरजच पडली नाही. दिवाळीचे चार दिवस भांगलणीला सुट्टी. घरात रंगीत टीव्ही होताच, कडेगावहून व्हिडिओ भाड्यानं आला आणि व्हिडिओबरोबर तो चालवणारा भाऊसो आला. भाऊसो आपल्या मशिनला नव्या नवरीसारखा जपायचा, कुणाला बोट लावू द्यायचा नाही. दिवसाढवळ्या खिडक्यांना घोंगडी लावली, सोपा माणसांनी गच्च भरला आणि रंगुबाई टीव्हीच्या बाजूला पाट घेऊन बसली. तेलुगू कळणारं वाडीत दुसरं कोण? आकाराम, पण तो रानात. तेव्हा पडद्यावर गारू बोलणार आणि इकडं रंगुबाई मराठीत सांगणार, असं ठरलं. बायडाबाई पण डोकावून गेली.

"रंगू, माझा ताटाचा पिक्चर आलाय का गं?"

"आलाय की! न यायला काय झालं?"

"मग त्यो मी आल्याबिगर लावू नगा. बहिणीकडं जाऊन परवा येती." आणि ती हसत हसत एसटी गाठायला गेली.

पहिला पिक्चर लागला. गारू पडद्यावर आला आणि सोप्यात जो गलका झाला! बायकांना प्रत्येक माणूस ओळखीचा. "ह्योच त्यो सावकार! मेल्याचं नाक बघ कसं हाय!" "ही बघ ती, जिला गारू नदीतनं काढतो!" "अगं, तू सांगितलीस त्यापरीस काळी हाय की!" रंगुबाईचं तोंड पट्ट्यासारखं चाललेलं. गारू एक वाक्य बोलायचा, ही चार सांगायची. टोळीची मुकादमीण सुलाबाई, जरा चिकित्सक बाई, ती म्हणाली, "त्यो एवढुसं बोलला न् तू एवढं कुठनं काढलंस?"

"तेलुगू दाट भाषा हाय," रंगुबाई म्हणाली. "पाणी घालावं लागतं."

आणि मग गारूनं उपरणं कमरेला बांधलं.

काय झालं कुणाला कळलं नाही. रंगुबाई ताडकन उठली, पदर खोचला आणि भरल्या सोप्यातनं वाट काढत सरळ चुलीपुढं! आकाराम रानात, जेवायला कुणी नाही, तरी बाईनं ताट घेतलं, भाकरी घेतली, कालवण वाढलं. वाढून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण तेनालीत नाही. कपाळावर हात मारून ती परत धावली तर सोप्यात रडारड. पिक्चर संपला होता.

"रंगे," सुलाबाई नाक पुसत म्हणाली, "त्यो तर मेला की गं!"

"कोण?"

"तुझा गारू! गोळी लागली न् मेला. जाळला बी!"

"मेला? शेषाद्री गारू?" रंगुबाईला हसूच आलं. "खुळ्या का काय तुमी? त्यो सोंग करतोय. त्याचं लगीन हुतंय न् त्यो पिठाची गिरणी घालतोय."

"राख झाल्याव गिरणी घालतोय व्हय?"

सगळ्या बायका रडता रडता हसायला लागल्या. रंगुबाईही हसली, पण अर्धंच. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं एकदम उघडं पडलं. अगं बाई, आपण शेवट बघितलेलेच नाहीत! आणि दुसऱ्याच क्षणाला तिला बायडाबाई आठवली. ताटाचा पिक्चर. त्याचा शेवट तरी आपण कुठं बघितलाय? परवा बायडाबाई येणार, पुढं बसणार, आणि तो लेक जर घरी आलाच नाही तर? ती रोज ज्याच्या जिवावर ताट वाढतीया, ते मी पळता पळता बनवलेलं! रंगुबाईला लाडूसुद्धा गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं, की आज उठायचं नाही आणि शेवट सांभाळून घ्यायचा. भाषा तर आपल्याच हातात आहे! गारूनं उपरणं बांधलं तसे तिचे पाय वळवळायला लागले. तिनं शेजारच्या खाटेचा खूर गच्च धरला. मारामारी झाली, दुष्ट आडवा झाला, आणि पोलीस येऊन गारूच्या हातात बेड्या घालायला लागले. सगळ्यांनी रंगुबाईकडं बघितलं. तिच्या सांगण्यात हा गारू शेवटी गावचा सरपंच होत होता.

"त्येला सत्काराला नेत्यात," रंगुबाई म्हणाली.

"बेड्या घालून?"

"तिकडं तशीच रीत हाय. मानाच्या बेड्या."

"आणि त्याची बायको छाती का बडवून घेतीया?"

"आनंद झालाय तिला. सोसवंना!"

सोप्यात हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. भाऊसो तेवढा मशिनवर हात ठेवून ओरडत होता, "हलू नगा, हलू नगा, चित्र हलतंय!" नेमका त्या वेळी आकाराम दारात आला. सुलाबाईनं त्याला धरलाच.

"दाजी, तुमास्नी तेलुगू येतंय. खरं सांगा, त्यो पोलीस काय म्हणतोय?"

आकारामनं टीव्हीकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. तिचे डोळे मोठे झालेले, ओठ दाबलेले. आकाराम खोटं बोलणारा नव्हता. सोन्याच्या धंद्यात त्याचं नाव ह्या खरेपणावरच होतं.

"म्हणतोय, चला, उशीर हुतोय," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

"बघ, सत्काराला!" रंगुबाई ओरडली.

बायकांना आता शेवट कसाही असो, त्याचं काही वाटेनासं झालं होतं. रंगुबाई आज काय थाप मारते, हेच बघायला शेजारच्या वाड्यांवरनं माणसं यायला लागली. गारू बुडाला तर रंगुबाई म्हणायची आंघोळीला गेलाय. गारू संन्यास घेऊन डोंगरात निघाला तर म्हणायची सरपण आणायला निघालाय. चिवडा संपला, चकल्या संपल्या, चहाचं आधण दिवसभर चुलीवरनं उतरेना. टोळीतल्या पोक्त बायका एकमेकींना गारूगत "ओरेय!" म्हणून हाका मारायला लागल्या. दिवाळी अशी वाडीनं आजवर केली नव्हती.

पण रंगुबाई आतनं धास्तावलेली. ताटाच्या पिक्चरची कॅसेट तिनं जोंधळ्याच्या कणगीत खुपसून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी बायडाबाई आली. निळ्या काठाचं नवं लुगडं, डोक्याला तेल, हातात बहिणीनं दिलेल्या शेंगांची पिशवी. सगळ्यांनी सरकून तिला पुढं जागा दिली.

"लावा माझा पिक्चर!"

"आगं, ती कॅसेट खराब झालीया," रंगुबाई म्हणाली. "जोंधळ्यात पडली न् बिघाडली."

इथं भाऊसो मध्ये पडला. मेल्याला दिवसभर झोपा काढायला काय झालं होतं? "वयनी, माझ्या मशिनवर चालली न्हाई असली कॅसेट अजून जन्माला यायचीया! आणा हिकडं." आणि त्यानं स्वतः कणगीत हात घालून कॅसेट काढली, फुंकर मारली, आपल्या पांढऱ्या रुमालानं पुसली आणि घातली आत. लागली की! चित्र इतकं स्वच्छ, की आजवरच्या एकाही कॅसेटीचं नव्हतं.

पिक्चर सुरू झाला. गारू लेक होता आणि त्याची आई पांढऱ्या केसांची, हडकुळी. बायडाबाईनं तिला बघितलं आणि म्हणाली, "माझ्यासारकीच दिसतीया की गं." लेक रुसून निघाला तेव्हा बायडाबाई टीव्हीला म्हणाली, "जाऊ नगं रं." आईनं पहिल्यांदा ताट वाढलं तेव्हा सगळ्या पुढं सरकल्या. सुलाबाईनंसुद्धा पदर डोळ्याला लावला. रंगुबाई हळू आवाजात एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि आज एकही शब्द तिनं पदरचा घातला नाही. घालायची गरजच नव्हती, इतकं ते खरं होतं. तिला मधूनच वाटायचं, एवढा गुणाचा पिक्चर, ह्याचा शेवट वाईट कसा असंल? असंलच आपला गोड. माझ्यापरीस बी गोड असंल.

गारूनं उपरणं बांधलं. रंगुबाईनं खूर धरला.

मारामारी झाली. पाठीमागनं कुणीतरी सुरा मारला. गारू तसाच फरफटत घराकडं निघाला. आई दारात ताट घेऊन उभी. तो उंबऱ्यापर्यंत आला, हात पुढं केला, "अम्मा" म्हणाला, आणि हात ताटापर्यंत पोचायच्या आधीच मान टाकली. ताट हातातनं पडलं, भात सगळ्या अंगणात सांडला. मग नुसतं गाणं, आणि त्या आईचं तोंड.

 सगळ्यांचे डोळे रंगुबाईकडं. मार बाई थाप, झोपलाय म्हण, दमलाय म्हण, काही बी म्हण! रंगुबाईला बेड्यांचा सत्कार करता आला होता, ह्याचं काय करायचं? बायडाबाई मागं वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच वाईट.

"रंगू, काय म्हणाला त्यो?"

"अम्मा म्हणाला."

"ते कळलं. फुडं?"

"फुडं काय न्हाई गं, बायडाक्का." रंगुबाईचा आवाज फुटला. "मी ह्यो शेवट कवाच बघितला न्हवता. एकाचा बी बघितला न्हवता. मारामारी लागली की मी घरला पळायची. तुला सांगितला त्यो मी वाटंत केला."

असं म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला आणि हमसून हमसून रडायला लागली. बायडाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग टीव्हीकडं बघितलं. तिथं ती पांढऱ्या केसांची आई अजून अंगणातला भात वेचत होती.

"भाऊसो," बायडाबाई म्हणाली, "बंद कर त्यो डबा."

"अजून नावं यायची हाईत, मावशी."

"बंद कर म्हणती न्हवं! ज्यानं ह्यो शेवट केला त्येला आई न्हाई. मेल्याला कुणी कवा वाढलंच नसंल!" तिचा आवाज चढला. "सबंध पिक्चर बाई ताट वाढतीया, आणि ह्यो शाणा एक घास खाऊ देत न्हाई? असं कुठं असतंय व्हय? सुला, तूच सांग."

"न्हाई बाई," सुलाबाई नाक ओढत म्हणाली. "चुकलंच त्येचं. ढळढळीत चुकलंय."

"लय चुकलंय!" मागनं चार-पाच जणी म्हणाल्या.

"रंगीचाच शेवट बरुबर हाय," सुलाबाई म्हणाली आणि हे सुलाबाईच्या तोंडून निघालं ह्याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. "बेड्यांचा बी बरुबर व्हता. मला तवाच वाटलं व्हतं."

भाऊसोनं मशिन बंद केलं. बायडाबाईनं रंगुबाईचा हात ओढून तिला आपल्यासमोर बसवलं. "डोळं पूस. आणि आपला सांग. पयल्यापासनं नगं, शेवट तेवढा सांग."

बायका सरीला बसल्यासारख्या दाटीवाटीनं गोल सरकल्या. हातात खुरपी नव्हती म्हणून कुणी शेंगा फोडायला घेतल्या. रंगुबाईनं नाक पुसलं, दोनदा घसा खाकरला आणि विझलेल्या टीव्हीकडं पाठ करून सुरुवात केली. आधी आवाज कापत होता. पण गारू म्हटलं की तिला राहवतंय होय? दुष्ट लोक चहूबाजूनं आले तसा तिचा हात वर गेला, मान वळली, मिशी नसलेल्या ओठावरनं बोटं फिरली.

"आणि मग गारूनं काय केलं? खांद्यावरचं उपरणं काढलं," ती म्हणाली, "आणि कमरंला करकचून..."

आणि बाई उठली! पदर खोचला न् निघाली. बायका ओरडल्या, "अगं ए, कुठं?" तोवर ती मधल्या दारापर्यंत पोचली होती. दारात आकाराम उभा. रानातनं कधी आला, किती वेळ उभा होता, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आवं, आलासा? बसा, ताट वाढती," ती गडबडीनं म्हणाली.

"न्हाई," आकाराम म्हणाला. "तू बस."

"आवं, पण तुमी उपाशी..."

"तेनालीत बी अशीच पळत यायचीस. घामानं भिजलेली. वाढताना धाप लागलेली असायची तुला." आकाराम एवढं कधी बोललेलं वाडीनं ऐकलं नव्हतं. तो खाली बघून बोलत होता. "मला दिसत न्हवतं व्हय? वाटायचं म्हणावं, बस की तिथंच, मी घेतो वाढून. जीभच उचलली न्हाई कवा. आता माझं मी घेतो. तू शेवट सांगूनच ऊठ."

 रंगुबाईला काय झालं कुणास ठाऊक, तरण्या पोरीगत लाजली आणि तोंडावर पदर घेऊन परत येऊन बसली.

"बांधलं," सुलाबाईनं आठवण केली. "उपरणं बांधलं. फुडं?"

रंगुबाईनं सांगितलं. एका दमात सांगितलं. मारामारी झाली, सुरा हुकला, सगळे पळाले. गारू चालत चालत घराकडं आला. सांज झालेली. आई दारात ताट घेऊन उभी. तो उंबऱ्याशी थांबला.

"आई काय म्हणती?" रंगुबाईनं विचारलं.

"काय म्हणत न्हाई," बायडाबाई म्हणाली. "नुसतं ताट फुडं सरकावती."

"मग त्यो पाटावर बसतो..."

"आधी पाय धुतो!"

"व्हय, व्हय, पाय धुतो. मग पाटावर बसतो. पयला घास घेतो. आई बघत बसलीया. त्यो घास खातो, वर बघतो न् म्हणतो, आई..."

आणि नेमकं तेव्हा आतनं, चुलीपासनं, डबे खाली-वर केल्याचा आवाज आला आणि जन्मात कधी हातानं वाढून न घेतलेला आकाराम ओरडला, "आगं ए, मीठ कुठं हाय?"

सगळ्यांनी बायडाबाईकडं बघितलं. मग बायडाबाईच पहिल्यांदा हसली. अशी हसली, की हातातल्या शेंगा उधळल्या, डोळ्यांतनं पाण्याच्या धारा लागल्या, तरी हसायचं थांबेना. सगळा सोपा हसत होता. भाऊसो मशिन सोडून हसत होता. रंगुबाई हसता हसता सवयीनं उठायला गेली तशी बायडाबाईनं तिचा पदर धरून तिला खाली ओढलं.

"हुडका, दाजी, सापडंल!" ती आत ओरडली. "हिला उठवू नगा. अजून आईला रडायचं ऱ्हायलंय."